सहाशे डॉलरचा गल्ला आणि ‘मोठं व्हा’चा तगादा



चॅनलवर सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न कुठला, सांगू? ‘सर, धंदा चालू कसा करू’ हा नाही. तो आता दुसऱ्या नंबरवर गेलाय. पहिल्या नंबरवर आहे, ‘सर, स्केल कधी करू?’

विचारणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांचा धंदा अजून वर्षाचाही नाही. कुणाची लोणच्याची दुसरी खेप चालू आहे, कुणी घरातल्या एका खोलीत साबण बनवतंय. पण मोबाईल उघडला की रोज कुणीतरी कानात ओरडतंय: मोठं व्हा, पसरा, कर्ज घ्या, नाहीतर मागे पडाल. मिरजेत माझं पॅकेजिंगच्या सामानाचं दुकान आहे. पाऊच, डबे, लेबल, टेप. त्या ओरड्याचा परिणाम मी काउंटरवरून बघतो. माणूस पहिल्याच भेटीत पाच हजार छापील पाऊच मागतो. मी विचारतो, ‘महिन्याला माल किती जातो?’ उत्तर येतं, ‘अजून सुरू व्हायचंय.’

यावर माझं मत स्पष्ट आहे, आणि ते सांगण्यासाठी आज एक उदाहरण देणार आहे. नेहमीचं नाही. अंबानी नाही, अ‍ॅपल नाही. ते आहे एका रेकॉर्ड कंपनीचं, म्हणजे म्युझिक लेबलचं. अमेरिकेत वॉशिंग्टन डीसीमध्ये १९८० साली काही पोरांनी काढलेलं. नाव डिसकॉर्ड रेकॉर्ड्स. ते संगीत मला स्वतःला फारसं झेपत नाही. पंक म्हणतात त्याला, दीड-दोन मिनिटांची, प्रचंड वेगाची, कान बधिर करणारी गाणी. पण त्यांचा हिशोब मला फार आवडतो.

गल्ला फोडायचा की फिरवायचा?

‘टीन आयडल्स’ नावाचा चार पोरांचा एक बँड होता. इयन मकाय, जेफ नेल्सन, नेथन स्ट्रेचेक आणि जॉर्डी ग्रिंडल. शाळा-कॉलेजच्या वयाची पोरं. वर्षभर छोटे-छोटे कार्यक्रम केले आणि १९८० च्या शेवटी बँड मोडला. पण एक शिस्त त्यांनी पाळली होती. कार्यक्रमाचे जे काही पैसे मिळायचे ते वाटून न घेता सिगारच्या एका डब्यात टाकायचे. बँड मोडला तेव्हा डब्यात साधारण सहाशे डॉलर होते.

आता तुम्ही असता तर काय केलं असतं? चौघांत दीडशे-दीडशे वाटून घेतले असते. त्या वयात दीडशे डॉलर म्हणजे चैनच.

त्यांनी त्या पैशातून आपल्याच मोडलेल्या बँडची एक छोटी रेकॉर्ड छापली. आठ गाणी, एक हजार प्रती. कुठलीही कंपनी त्यांना विचारणार नव्हती, म्हणून कंपनीचं नावही स्वतःच ठेवलं. लेबलचा पहिला नंबर तो.

रेकॉर्डचं कव्हर तयार करून घ्यायला पैसे नव्हते. मग त्यांनी काय केलं? एका ब्रिटिश रेकॉर्डचं कव्हर उकलून सपाट केलं, त्याचा आकार उतरवून घेतला, त्यावरून कागद छापून आणले. मग घरात बसून कात्रीने कापले, दुमडले आणि डिंकाने चिकटवले. एक हजार कव्हरं. पॅकेजिंगवाला म्हणून सांगतो, हे वाचलं तेव्हा मी मनात त्यांना सलाम ठोकला. कारण माझ्याकडे येणाऱ्या नव्वद टक्के लोकांना वाटतं की पॅकिंग ‘कंपनीसारखं’ दिसल्याशिवाय माल विकणारच नाही.

आता मुख्य गोष्ट. त्या हजार प्रती विकून आलेल्या पैशाचं काय झालं? तो पुढच्या रेकॉर्डमध्ये गेला. ओळखीच्या दुसऱ्या पोरांचे बँड होते, त्यांच्या रेकॉर्ड काढल्या. १९८१ मध्ये मकाय आणि नेल्सनच्या नव्या बँडची, म्हणजे ‘मायनर थ्रेट’ची पहिली रेकॉर्ड आली. विक्री झाली की पैसा परत, परत आला की पुढचा माल. या काळात पोटासाठी दुसरीकडे काम चालू होतं. मकाय आईस्क्रीमच्या दुकानात राबला, सिनेमा थिएटरात राबला. लेबलच्या गल्ल्याला घरखर्चासाठी हात लावायचा नाही, असा सगळा कारभार.

आपल्याकडे म्हणतात ना, अंथरूण पाहून पाय पसरावे. लोक याचा अर्थ घेतात की पाय आखडून झोपा. या पोरांनी पाय आखडले नाहीत, ते अंथरूणच दरवर्षी थोडं थोडं विणत गेले.

माल खपतोय आणि तरी पैसा नाही

आता तुम्ही म्हणाल, सर, सोपं आहे, छोटं होतं म्हणून जमलं. नाही. त्यांनाही तोच झटका बसला जो तुम्हाला बसणार आहे.

मायनर थ्रेटला मागणी वाढली. दुकानदार आणि डिस्ट्रिब्युटर माल मागत होते, पण आधीच्या मालाचे पैसे वेळेवर देत नव्हते. म्हणजे रेकॉर्ड खपतायत, लोक मागतायत आणि नवीन छापायला हातात रोकड नाही. ओळखीचं वाटतंय ना? किराणा दुकानात तुमची चकली संपलेली असते, दुकानदार म्हणतो, ‘आणखी पन्नास पाकिटं टाका,’ आणि मागच्या बिलाचं नाव काढलं की म्हणतो, ‘पुढच्या आठवड्यात बघू.’

इथे बरेच जण कर्ज काढतात किंवा धंद्यातला हिस्सा विकतात. डिसकॉर्डने १९८३ च्या सुमारास तिसरा रस्ता धरला. लंडनमध्ये सदर्न नावाचा स्टुडिओ आणि वितरणाचा व्यवसाय चालवणारे जॉन लोडर होते. रेकॉर्ड छापण्याचा खर्च आणि युरोपातलं वितरण त्यांनी सांभाळायचं आणि विक्रीतून आपला भाग घ्यायचा, असं जमलं. मालकी पोरांचीच राहिली, कुठल्या बँडची रेकॉर्ड काढायची हेही त्यांनीच ठरवायचं.

हा धडा नीट लिहून घ्या. वाढीला पैसा लागतोच, पण तो पैसा कशाच्या बदल्यात येतोय ते बघा. मालाच्या बदल्यात येणारा पैसा आणि मालकीच्या बदल्यात येणारा पैसा, दोन्हीच्या नोटा सारख्याच दिसतात, पण परत फेडताना फरक कळतो. तुमच्या धंद्यातला लोडर कोण असू शकतो, विचार करा. कच्चा माल महिन्याच्या उधारीवर देणारा जुना व्यापारी असेल. तुमच्या मालाला स्वतःचा टेम्पो देणारा, विक्रीवर कमिशन घेणारा माणूस असेल. बँक शेवटी आहेच, ती कुठे पळून जात नाही.

किंमत छापली, शब्द पाळला

आपल्याकडे पाकिटावर एमआरपी छापावी लागते. अमेरिकेत तशी सक्ती नाही, दुकानदार वाटेल ती किंमत लावू शकतो. तरी डिसकॉर्ड आपल्या रेकॉर्डवर आणि जाहिरातीत टपालखर्चासकट किंमत छापायचं. म्हणजे गिऱ्हाईकाला कळायचं की थेट मागवली तर एवढ्यात घरी येते. दुकानदाराने अव्वाच्या सव्वा लावले तर तो उघडा पडायचा. शिवाय ती किंमत बाजारापेक्षा कमीच असायची.

१९८७ मध्ये मकायने ‘फुगाझी’ नावाचा बँड सुरू केला. हा बँड पुढे जगभर फिरला, रेकॉर्ड लाखोंनी खपल्या. तरीही कार्यक्रमाचं तिकीट बहुतेक ठिकाणी पाच डॉलर. कुठल्याही वयाच्या माणसाला आत प्रवेश मिळाला पाहिजे ही अट. टी-शर्ट विक्री नाही.

आता सावध व्हा, कारण इथेच लोक चुकीचा धडा घेऊन जातात. ‘बघा सर, स्वस्तात विकलं म्हणून चाललं!’ नाही हो. स्वस्त विकणं परवडत होतं म्हणून विकलं. ऑफिस म्हणजे आर्लिंग्टनमधलं एक राहतं घर. बँडला मॅनेजर नाही, कार्यक्रम मकाय स्वतः फोनवर ठरवायचा. भपका नाही. म्हणजे खर्चाची बाजू आधी आवळली, मग किंमत खाली आणली. तुम्ही काय करता? बाजूच्या दुकानदाराने १०० ला लावलंय म्हणून ९० ला लावता आणि मग महिनाअखेरीला घरच्या डब्यातले पैसे धंद्यात घालता. ते धोरण नव्हे, ती हळूहळू लागलेली गळती आहे.

आज रात्री एक काम करा. तुमच्या एका पाकिटाचा पूर्ण खर्च काढा. कच्चा माल, गॅस, पाऊच, लेबल, रिक्षा, फुटतूट आणि तुमची स्वतःची मजुरी. मजुरी धरल्याशिवाय काढलेली किंमत ही किंमत नसतेच.

एकच गाव धरलं

आणखी एक गोष्ट, जी ऐकून मोठमोठे सल्लागार डोक्याला हात लावतील. या लेबलने चार दशकं जवळजवळ फक्त आपल्याच शहरातल्या, वॉशिंग्टन डीसी आणि आसपासच्या बँडच्या रेकॉर्ड काढल्या. न्यूयॉर्कचा कितीही नामी बँड आला तरी त्यांचं काम आपल्या गावाचं.

याचा फायदा काय? बँडची पोरं ओळखीची, कोण कसं आहे ते माहीत. रेकॉर्डिंगचा स्टुडिओ जवळचा. एका बँडमधली पोरं उद्या दुसऱ्या बँडमध्ये. जगाला हळूहळू कळलं की डीसीचं पंक म्हणजे डिसकॉर्ड. गाव हेच त्यांचं ब्रँडिंग झालं. आपल्याला हे नवीन नाही. सोलापूरची चादर, कोल्हापूरची चप्पल, सावंतवाडीची खेळणी, आमच्या मिरजेची सतार. नाव घेतलं की गाव येतं. तरी पहिल्या वर्षीच ‘पॅन इंडिया डिलिव्हरी’ लिहिल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही.

जाणाऱ्याला जाऊ दिलं

१९९१ मध्ये ‘निर्वाणा’ नावाचा बँड अचानक प्रचंड गाजला आणि मोठ्या कंपन्या अशा छोट्या बँडच्या मागे चेकबुक घेऊन धावू लागल्या. डिसकॉर्डचे दोन चांगले बँडही गेले. जॉबॉक्स गेला अटलांटिक कंपनीकडे, शडर टू थिंक गेला एपिककडे. १९९४ मध्ये दोघांच्या रेकॉर्ड तिकडून आल्या.

डिसकॉर्ड त्यांना अडवू शकत नव्हतं, कारण बँडबरोबर लेखी करारच नव्हता. खर्च वजा जाता राहिलेला नफा वाटून घ्यायचा, एवढंच तोंडी. पण पुढची गंमत बघा. जॉबॉक्सची तीच अटलांटिकची रेकॉर्ड २००९ मध्ये पुन्हा बाजारात आली, आणि ती काढण्यात बँडमधल्याच लोकांच्या छोट्या लेबलबरोबर होतं डिसकॉर्ड. भांडून गेले असते तर हे झालं असतं का?

आता माझं मत, आणि इथे मी या लोकांशी सहमत नाही. तुम्ही बिनकागदाचा व्यवहार करू नका. त्यांचं जमलं कारण सगळे एकमेकांच्या घरात वाढलेले, आणि हिशोब सांभाळणाऱ्या माणसाची नियत साफ होती. आपल्याकडे भावाभावांचे आणि मेहुण्या-मेहुण्यांचे धंदे कशावरून फुटतात? नफ्यावरून कमी, ‘असं ठरलंच नव्हतं’ यावरून जास्त. साधा दोन पानांचा कागद करा. कुणी किती घातले, कुणाला किती, कुणी सोडलं तर काय. पण त्यांच्याकडून एक गोष्ट जरूर घ्या: कागद माणसाला कोंडून ठेवण्यासाठी करू नका. तुमच्याकडे शिकून कारागीर उद्या स्वतःचं काढणार असेल तर त्याला शिव्या घालून पाठवू नका. बाजार लहान असतो. तो परत भेटणार आहे, कधी गिऱ्हाईक म्हणून, कधी पुरवठादार म्हणून.

मग आपण काय करायचं?

हे सगळं हवेत राहू नये म्हणून एक चालू उदाहरण. माझ्या बॅचमधल्या एक ताई शेंगदाण्याची चटणी करतात. बावीस दुकानांत माल जातो, बहुतेक रोखीने. त्यांना मध्यंतरी एका मोठ्या दुकानसाखळीकडून ऑर्डर आली. महिन्याला दोन हजार पाकिटं, पैसे साठ दिवसांनी, न खपलेला माल परत. घरात पेढे वाटले गेले.

आम्ही कागद-पेन घेऊन बसलो. पाकिटाचा खर्च ६० रुपये, साखळीला भाव ८०. कागदावर नफा महिन्याला ४०,००० रुपये. छान. पण दोन हजार पाकिटांचा खर्च १,२०,००० रुपये. पहिला रुपया हातात यायच्या आधी दोन महिन्यांचा माल द्यायचा, म्हणजे २,४०,००० रुपये अडकणार. ताईंचं खेळतं भांडवल ७०,०००. वर परत येणारा माल वेगळा, आणि चटणीला मुदत असते. शिवाय या दोन महिन्यांत बावीस दुकानांना माल कुठून द्यायचा?

ताईंनी साखळीला सांगितलं, तीनशे पाकिटांपासून सुरू करू आणि पैसे पंधरा दिवसांत द्या. साखळीने नकार दिला. ताई आजही बावीस दुकानांतच आहेत, आता तेविसावं शोधतायत. घरात काही जण अजून नाराज आहेत, ‘हातची लक्ष्मी घालवली’ म्हणतात. ताईंनी बरोबर केलं का, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. दुसऱ्या कुणाकडे पाच लाख बाजूला असते तर मी ‘घ्या’ म्हटलं असतं. पण निर्णय हिशोबावर झाला, पेढ्यांवर नाही, याचं मला समाधान आहे.

काही जण म्हणतील, सर, तुम्ही लोकांना छोटं राहायला शिकवताय, मराठी माणूस असाच मागे राहिला. मी हे मानत नाही. डिसकॉर्ड छोटं राहिलं का? एका रेकॉर्डपासून दीडशेच्या वर रेकॉर्ड झाल्या. फुगाझीने १९८७ ते २००२ मध्ये हजारावर कार्यक्रम केले, त्यातले आठशेहून जास्त ध्वनिमुद्रित करून ठेवले. २०११ पासून तीच जुनी रेकॉर्डिंग वेबसाईटवर विकायला ठेवली, सुचवलेली किंमत तीच, पाच डॉलर. कित्येक वर्षांपूर्वीच्या कार्यक्रमाचे पैसे नंतरही आले. याला मी वाढ म्हणतो. फरक एवढाच की ती दुसऱ्याच्या घड्याळावर झाली नाही.

म्हणून ‘स्केल कधी करू’ याला माझं उत्तर हे. खालच्या चार प्रश्नांना ‘हो’ आलं की करा.

१. मागच्या खेपेचा पैसा पूर्ण परत आला आहे का? विकला गेलाय असं नाही, हातात आलाय का?

२. स्वतःची मजुरी धरूनही पाकिटामागे नफा उरतो का?

३. नवीन ऑर्डरचे पैसे दोन महिने आले नाहीत, तर जुन्या गिऱ्हाईकांना माल देता येईल का?

४. येणारा पैसा मालाच्या बदल्यात आहे का? मालकीच्या बदल्यात असेल, तर ती सोडायची तुमची खरंच तयारी आहे का?

एकालाही ‘नाही’ आलं तर थांबा. थांबणं म्हणजे हरणं नव्हे. त्या पोरांनी सहाशे डॉलर वाटून घेतले असते तर एक संध्याकाळ मजेत गेली असती. सहा हजारांचं कर्ज काढलं असतं तर कदाचित पहिल्याच वर्षी दुकान बंद झालं असतं. त्यांनी डब्यात जेवढे होते तेवढ्याचाच माल केला, आणि आज चाळीस वर्षांनंतरही लेबल त्यांचंच आहे.

तुमच्या डब्यात आज किती आहेत, ते मोजा. कमेंटमध्ये रक्कम लिहू नका, उगाच जगाला कशाला सांगायचं! चार प्रश्नांपैकी कुठल्या प्रश्नावर अडलात तेवढं लिहा. पुढच्या व्हिडिओत दुकानदाराकडून उधारी वसूल कशी करायची, नातं न तोडता, यावर बोलू.

आणि हो, पहिल्या खेपेला साधे पाऊच घ्या, वरून स्टिकर लावा. छापील पाच हजार नंतर. मी दुकानदार असून हे सांगतोय, म्हणजे विश्वास ठेवायला हरकत नाही.